झॉम्बीचा डावा हात

“भूत कुठल्या गल्लीतलं आहे ते मी विचारत नाही, हात पुढे आला की देते,” असं सुप्रभा हर्डीकर एकदा म्हणाल्या होत्या.

तेव्हा मिलिंद त्यांच्या दारावरचा दिवा बदलत होता. शिडीवर तो, खाली शिडी धरून त्या. ब्रिस्टलमधल्या त्यांच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर ऑक्टोबरला एकच भांडण निघायचं. हॅलोवीनच्या संध्याकाळी बाहेरच्या वस्त्यांतली मुलं गाड्या भरभरून इथे येतात, भुतांचे कपडे घालून दारं वाजवतात आणि गोळ्या-चॉकलेटं संपवून जातात. हे चालू द्यायचं की नाही? मिलिंदने त्यांच्या फोनवरचा तो निरोप शिडीवरूनच मोठ्याने वाचला आणि विचारलं, “मावशी, तुमचं मत काय लिहू?” त्यांनी उत्तर दिलं. मिलिंद हसला. त्याने ते इंग्रजीत करून ग्रुपवर टाकलं आणि पुढे भोपळ्याचं चित्र जोडलं.

सुप्रभाताईंनी या देशात तीन गल्ल्या पाहिल्या. हॅलोवीन तिन्ही ठिकाणी वेगळा होता.

पहिली गल्ली क्रॉयडनची, १९८६ची. नवरा, रघुवीर, हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर. भाड्याच्या दोन खोल्या, दार थेट फुटपाथवर उघडायचं. ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी दार वाजलं. बाहेर पांढऱ्या चादरी पांघरलेली तीन मुलं. एकाने चादरीच्या आतून काहीतरी विचारलं, ते सुप्रभाताईंना कळलं नाही. पण पुढे केलेला हात कळला. घरात दिवाळीचा चिवडा होता, तो त्यांनी मूठमूठ दिला. मुलांनी तो नाकाशी नेला, एकमेकांकडे पाहिलं आणि तिथेच पायरीवर सोडून दिला. सकाळी दारावर सहा अंडी फुटलेली होती. रघुवीर ड्यूटीवर होते. त्यांनी एकटीने गरम पाण्याची बादली आणली आणि दार घासलं. अंडं गरम पाण्याने निघत नाही, लाकडावरच शिजतं, हे तेव्हा कळलं. संध्याकाळी रघुवीर म्हणाले, “कुणाला बोलू नकोस. आपण नवे आहोत.” त्या बोलल्या नाहीत. दारावरचा पिवळा डाग ते घर सोडेपर्यंत होता.

दुसरी गल्ली ब्रॅकनेलची. कॉम्प्युटर कंपन्यांच्या ऑफिसांचं गाव, पुढे रस्ता बंद असलेली बारा घरांची गल्ली. इथे सगळं ठरलेलं. दाराशी कोरलेला भोपळा पेटवला असेल तरच बेल वाजवायची. वेळ सहा ते आठ. गोळी कागदात गुंडाळलेलीच द्यायची, घरी केलेलं काही नाही. आई-बाप टॉर्च घेऊन फुटपाथवर थांबायचे आणि मुलांना तिथून ओरडायचे, “थँक यू म्हणालास का?” वरदा, त्यांची मुलगी, आईच्या काळ्या साडीचा झगा करून चेटकीण व्हायची. मराठी बायकांत तेव्हा चर्चा व्हायची. एक जण म्हणाली, “आपण नरकचतुर्दशीला असुर मारतो, यांचे असुर दारात येऊन चॉकलेट मागतात. आणि आपण देतो!” सगळ्या हसल्या, आणि घरी जाऊन सगळ्यांनी भोपळे पेटवले.

तिसरी गल्ली ही, ब्रिस्टलची, चढावरची. वरच्या टोकाला उंच जुनी घरं. तिथे अंगणात खोटी थडगी लागतात, झुडपांत धुराचं यंत्र ठेवतात आणि अख्खं चॉकलेट देतात. खालच्या टोकाला कौन्सिलचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, फ्लॅट. तिथे एकच लोखंडी दार आणि बटणांची पाटी, त्यामुळे तिथे कुणी भूत जात नाही. तिथली भुतं चढून वर येतात. शिवाय शहराबाहेरच्या नव्या वसाहतींतून गाड्या येतात, कारण चढावर मिळकत चांगली असते असं सगळ्या शाळांत माहीत आहे. सुप्रभाताईंचं घर बरोबर मध्ये. वरून उतरणारी आणि खालून चढणारी, दोन्हीकडची भुतं त्यांच्या पायरीवर भेटायची.

ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलात त्या सतरा वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होत्या. भाजलेली मुलं यायची. चहाने, इस्त्रीने, आंघोळीच्या पाण्याने. निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या वर्षी रघुवीर गेले. तेव्हापासून त्यांचं बाहेरचं सगळं मिलिंद बघायचा. विमानाच्या इंजिनांच्या कंपनीत इंजिनियर, महाराष्ट्र मंडळाचा सेक्रेटरी, चाळिशीचा, कायम हसतमुख, घर शहराबाहेरच्या एका नव्या वसाहतीत. गवत कापणं, बॉयलर, डोळ्यांच्या ऑपरेशनला नेणं-आणणं. घराची एक किल्ली त्याच्याकडेच असायची. “मुलगा असता तर त्यानेही एवढं केलं नसतं,” असं त्या मंडळात सगळ्यांना सांगायच्या. त्यात खोटं काही नव्हतं.

त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले. सकाळी त्यांनी अंगाला उटणं लावलं, कारीट मिळत नाही म्हणून छोटा टोमॅटो अंगठ्याखाली फोडला. संध्याकाळी पणत्या दाराच्या एका बाजूला ठेवल्या, भोपळा दुसऱ्या बाजूला. पाचलाच अंधार झाला. साडेसहापर्यंत अर्धी टोपली रिकामी झाली होती. सगळी मुलं त्या वर्षी जखमी होती. कुणाच्या कपाळात कुऱ्हाड, कुणाचा गळा चिरलेला. लाल रंग ओला दिसावा म्हणून त्यात काहीतरी चकचकीत घातलेलं. सुप्रभाताई प्रत्येकाला म्हणायच्या, “अरे बापरे, टाके घालावे लागणार!”

मग वेद आला. मिलिंदचा मुलगा, सात वर्षांचा. त्याची आई मालविका खाली फाटकाशीच थांबली, डोक्यावर हूड.

“ये ना गं वर,” सुप्रभाताई म्हणाल्या.

“नको मावशी, गाडी डबल पार्क केलीय.”

“कोण रे तू?” त्यांनी वेदला विचारलं.

“झॉम्बी. मी डेड आहे, आजी.”

“मग मेलेल्याला चॉकलेट कशाला?”

“झॉम्बी खातात. पण नट्सवाला नको.”

त्याने उजवा हात पुढे केला. डावा हात पाठीमागे होता. त्या म्हणाल्या, “एकच? दुसराही कर, दुसऱ्यावर दुसरं.” सवयीने त्यांनी तो हात धरून पुढे ओढला, आणि मुलाने श्वास आत घेतला. ओरडला नाही. वॉर्डात जी मुलं ओरडायची नाहीत, त्यांच्याकडे त्या आधी जायच्या.

हात बोटांपासून मनगटापर्यंत हिरव्या-लाल रंगाने माखलेला होता. रंगाखाली कातडी ताणलेली, चमकणारी, बोटांच्या बेचक्यात सोललेली. जखम आठवडाभराची असेल. सांडलेलं पाणी शिंतोडे उडवतं, ओघळतं, त्याच्या भाजण्याची कड वेडीवाकडी असते. ही कड सरळ होती. मनगटाभोवती बांगडी भरावी तशी. अशी कड हात पाण्यात धरून ठेवला तरच येते.

“हे कुणी केलं रे?” त्यांनी हळू विचारलं.

“मम्मीने. यूट्यूब बघून.”

“रंग नाही. हे.”

वेदने फाटकाकडे पाहिलं. मालविकाने त्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मग म्हणाली, “चल वेद, अजून घरं आहेत.” ती दोघं पुढे कुठल्याच घरात गेली नाहीत. सरळ गाडीत बसली आणि उताराने निघून गेली.

सुप्रभाताईंनी भोपळा विझवला. त्यानंतर दार वाजलं नाही. भोपळा विझला की या देशात भुतंसुद्धा नियम पाळतात.

त्यांनी वरदाला फोन लावला. वरदा लंडनच्या एका शाळेत शिकवते.

“आई, तू शुअर आहेस?”

“सतरा वर्षं हेच पाहिलंय मी.”

“मग कौन्सिलला फोन कर. आत्ता. चिल्ड्रन्स सर्व्हिसेसला. माझ्या स्कूलमध्ये असा दिसला तर मला सेम डे सांगावा लागते. इट्स नॉट अ चॉइस.”

“अगं, पण मिलिंद आहे तो.”

“सो व्हॉट? माझी रूल वेगळी नाही होत मिलिंद आहे म्हणून.”

“सणाचा दिवस आहे. आधी जरा शशीभाऊजींच्या कानावर घालते.”

“शशीकाका काय करणार? आई, प्लीज. त्यांना नको सांगू.”

वॉर्डात सुप्रभाताईंनी असा संशय कळवणारे फॉर्म कितीतरी भरले होते. मूल कुणाचं, कुठल्या वस्तीतलं, असा प्रश्न तिथे पडला नव्हता. त्या रात्री मात्र मिलिंदचं नाव त्यांच्या तोंडून परक्या माणसाला सांगवेना. आणि आपल्या लोकांत जे वर्षानुवर्षं होत आलं तेच त्यांनी केलं. डॉक्टर शशी हे मंडळाचे अध्यक्ष, रघुवीरचे जुने मित्र. नवरा-बायकोची भांडणं, वारसाहक्काचे वाद, बिघडलेली मुलं, सगळं त्यांच्या दिवाणखान्यात मिटायचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “बरं केलंत वहिनी, मला सांगितलंत. बाहेर वाच्यता नको. मी बोलतो त्याच्याशी. आपल्यातलं आपल्यात.”

त्या रात्री सुप्रभाताईंना झोपही लागली.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. चारच्या सुमाराला दारात किल्ली फिरली. मिलिंद बेल न वाजवता आत आला. तो नेहमीच तसा यायचा. आज पहिल्यांदा त्यांना तो आवाज ऐकू आला.

“मावशी, फराळ आणलाय. मालविकाच्या चकल्या. यंदा बऱ्या झाल्यात.” डबा टेबलावर ठेवून तो थेट स्वयंपाकघरात गेला. “बॉयलरचं प्रेशर बघतो.”

“बरं आहे ते.”

“असू दे. आलोय तर बघतो.”

त्याने सिंकचा गरम नळ पूर्ण सोडला. पाण्यातून वाफ यायला लागली. तो त्याखाली बोट धरायचा, काढायचा. पाठ त्यांच्याकडेच होती.

“फार गरम येतं हो तुमचं पाणी. एवढं नको. भाजेल कुणीतरी.” त्याने नळ बंद केला. “वेदचं तेच झालं. टबात पडला. शशीकाका म्हणत होते, तुम्ही काळजीत आहात.”

“टबात पडला, तर हात एकटाच कसा भाजला मिलिंद?”

तो वळला. हसतच होता. हात पुसायच्या टॉवेलने त्याने एकेक बोट पुसलं.

“मावशी, तुम्ही रिटायर झालात. आता आराम करा. आणि वेदची काळजी करूच नका. परवा तो नागपूरला चाललाय, माझ्या आईकडे. सहा महिने राहील. तिकिटं झाली.”

“शाळा?”

“शाळेला मेल टाकलीय. तिथे हवा चांगली. उद्या मंडळाच्या कार्यक्रमाला न्यायला येऊ ना तुम्हाला? पाचला तयार राहा.”

तो गेल्यावर त्यांनी दाराची साखळी लावली. मग खुर्चीत बसल्या. आदल्या दिवशी त्या मुलाचं तिकीट नव्हतं. आपण शशीभाऊजींना फोन केला म्हणून ते निघालं. नागपूरला तो हात कोण पाहणार होतं? सहा महिन्यांत कातडी भरून आली असती. सुट्टी संपून सोमवारी तो शाळेत गेला असता तर एखाद्या बाईने पाहिला असता. ती वाटही त्यांनीच बंद केली होती.

त्यांनी कौन्सिलचा नंबर लावला. पलीकडची बाई हळू बोलत होती, आणि टाइप करत होती. मुलाचं नाव. पत्ता. तुम्ही स्वतः पाहिलंत? तो रंग नव्हता याची खात्री आहे? परवाचं विमान कुठून? ते त्यांना माहीत नव्हतं. बाई म्हणाली, “आम्ही कुणालातरी पाठवतो. तुम्ही घरच्यांशी याबद्दल बोलू नका.”

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, कार्यक्रमाला त्या मिलिंदच्या गाडीने गेल्या नाहीत. बसने गेल्या. न जाणं जमलं असतं, पण वेद तिथे येणार होता आणि त्यांना तो डोळ्यांनी पाहायचा होता. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, छताला आकाशकंदील. मुलं जमिनीवर रांगेत बसली होती. वेद भरजरी कुर्त्यात, डाव्या बाहीचं टोक ओढून बोटांवर घेतलेलं. एकाच हाताने लाडू खात होता. मिलिंद ताट घेऊन वाढत होता, प्रत्येकाला आग्रह करत. “अरे, अजून एक घे! दिवाळी काय रोज आहे?”

शशीभाऊजी बाजूला येऊन म्हणाले, “वहिनी, जरा आत येता?”

हॉलच्या मागे स्वयंपाकघर होतं. वाढायसाठी भिंतीत एक खिडकी होती, तिच्यातून रांग दिसत होती. आत मालविका उभी होती, हातात फडकं. शशीभाऊजींनी खिडकीचं दार अर्धं ओढून घेतलं आणि सुप्रभाताईंना स्टुलावर बसवलं.

“हे काय केलंत तुम्ही? दुपारी त्यांच्या घरी बाई येऊन गेली कौन्सिलची. घरी कुणी नव्हतं म्हणून दारात कार्ड टाकून गेली. मी बोललो होतो ना मिलिंदशी? मिटलं होतं.”

“काय मिटलं होतं, भाऊजी?”

“कबूल केलं त्याने. रागाच्या भरात एकदा झालं. रडला माझ्यासमोर. पोरगंही हट्टी आहे. आपल्या बापांनी आपल्याला काय कमी झोडपलं?”

“झोडपणं नाही हे.”

“नसेल. पण त्याची नोकरी जाईल, वहिनी. घर जाईल. आणि तुमच्यासाठी त्या पोराने काय कमी केलंय? रघू गेला तेव्हा खांदा कुणी दिला?” त्यांचा आवाज खाली आला. “एक फोन करायचा. झॉम्बीचा मेकअप होता, वयामुळे नीट दिसलं नाही, माफ करा. एवढंच.”

मालविका फडक्याने ओटा पुसत होती. ओटा कोरडाच होता. ती पाठ केल्यासारखं म्हणाली, “मावशी, सांगा की तो रंग होता.”

सुप्रभाताईंनी तिच्याकडे पाहिलं. “मालविका, तुमच्या वसाहतीत भोपळे नव्हते का गं यंदा?”

“होते.”

“बरेच?”

“प्रत्येक घरासमोर.”

“मग वीस मिनिटं गाडी हाकत चढावर आलीस, आणि एवढ्या गल्लीत माझंच एक दार वाजवून परत गेलीस. का?”

मालविकाचा हात थांबला. बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. तिने अर्ध्या उघड्या खिडकीतून हॉलमध्ये पाहिलं, मिलिंद कुठे आहे ते हेरलं, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “हीथ्रोहून आहे फ्लाइट. पहाटे तीनला टॅक्सी येणार आहे. मला नेत नाहीयेत.”

“ते कशाला सांगतेस आत्ता?” शशीभाऊजी म्हणाले. त्यांनी खिशातून कौन्सिलचं कार्ड काढलं, चष्मा वर केला आणि आपल्या फोनवर नंबर दाबला. फोन स्पीकरवर ठेवून सुप्रभाताईंच्या पुढ्यात धरला. बेल वाजत राहिली. मग एक बाईचा आवाज आला, “इमर्जन्सी ड्यूटी टीम. हॅलो?”

“बोला,” शशीभाऊजी ओठांनीच म्हणाले.

“हॅलो? कुणी आहे का?” आवाजाने विचारलं.

खिडकीचं दार बाहेरून पूर्ण उघडलं गेलं. मिलिंद उभा होता. एका हातात रिकामं ताट, दुसरा हात वेदच्या खांद्यावर. तो पोराला आपल्याबरोबर उठवून घेऊन आला होता. फोन पाहिला, शशीभाऊजींना पाहिलं, बायकोला पाहिलं. हसू तसंच.

“झालं का बोलून?”

फोनमधला आवाज अजून विचारत होता. मालविकाने फडकं दोन्ही हातांत घट्ट पिळून धरलं होतं आणि ती सुप्रभाताईंकडे पाहत होती, परवा फाटकातून पाहिलं होतं तसंच, डोळे न हलवता.

सुप्रभाताई स्टुलावरून उठल्या. गुडघा दुखला म्हणून क्षणभर ओट्याला हात टेकला. शशीभाऊजींचा फोन अजून पुढे धरलेला होता, तो त्यांनी बोटांनी बाजूला सारला. खुंटीवरचा कोट घेतला, एकेक बाही चढवली, वरचं बटण लावलं. पर्स उघडून आपला फोन आहे ना, ते पाहिलं.

“निघालात मावशी?” मिलिंद खिडकीतून म्हणाला. “थांबा, मी सोडतो गाडीने. अंधार पडलाय.”

त्यांनी वेदकडे एकदा पाहिलं. मग मागचं दार ढकलून त्या बाहेर पडल्या आणि पायरीवरच कौन्सिलचा कालचा नंबर लावला.